किराणा दुकानाकडे ८० वर्षांची ग्लेनलिव्हेट कुठून आली? गॉर्डन अँड मॅकफेलच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मित्राने परदेशातून आणलेल्या स्कॉच व्हिस्कीच्या बाटलीवर 'गॉर्डन अँड मॅकफेल' हे नाव ठळक आहे आणि 'मॉर्टलॅक' हे त्याच्या खाली बारीक अक्षरात. शोधाशोध केल्यावर कळलं, की ही मूळची स्कॉटलंडमधल्या एल्गिन गावातली किराणा आणि वाईनची पेढी. जवळजवळ शंभर वर्षं तिची स्वतःची डिस्टिलरीच, म्हणजे व्हिस्की गाळायची भट्टीच, नव्हती; मॉर्टलॅक आणि ग्लेनलिव्हेट या दुसऱ्यांच्या डिस्टिलऱ्या. तरी याच पेढीने ८० वर्षं मुरलेली ग्लेनलिव्हेट विकली. मग हा माल खरा कसा? आणि हा इतिहास खरा आहे की जाहिरातवाल्यांनी रचलेला? शिवाय जाता जाता, अशी पिंपं आपल्यालाही घेता येतात का, असंही विचारलंय.

माल खरा आहे. गोंधळ होतो तो 'व्हिस्की कोणाची' या प्रश्नाला दोन उत्तरं असतात म्हणून. गाळली कोणी हे एक, आणि गाळल्यापासून बाटलीत जाईपर्यंत पिंपाचा मालक कोण होता हे दुसरं. आज आपल्याला डिस्टिलरीचं नाव बघायची सवय लागली आहे, पण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या बऱ्याच भागात गिऱ्हाईक दुकानदाराचं नाव बघून माल घ्यायचं. शेतकऱ्याकडून नवा तांदूळ उचलून कोठारात जुना करणारा भुसार व्यापारी भात पिकवत नाही, तरी 'जुना तांदूळ' त्याच्याच नावाने खपतो. तसाच हा प्रकार.

डिस्टिलरीला भट्टी चालवायला रोख पैसा लागायचा, आणि गाळलेला माल तर अनेक वर्षं पडून राहणार. त्यामुळे ताजं स्पिरिट पिंपात भरलं की लगेच व्यापाऱ्यांना विकून मोकळं व्हायचं, अशी रीत होती. पुढची वाट पाहणं, घट सोसणं, मिश्रण करणं, बाटल्या भरणं आणि उधारी वसूल करणं ही कामं व्यापाऱ्याची. १८५३ च्या कायद्याने एकाच डिस्टिलरीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या व्हिस्क्या कर भरण्याआधी, म्हणजे बाँडच्या (कर भरेपर्यंत सरकारी देखरेखीखालच्या) गोदामातच एकत्र करायची मुभा मिळाली. १८६० च्या कायद्याने मॉल्ट (मोड आणलेल्या बार्लीची) आणि ग्रेन (इतर धान्यांचीही) व्हिस्कीही तशाच मिसळता येऊ लागल्या. त्यानंतर ब्लेंडचा, म्हणजे अशा मिश्र व्हिस्कीचा, धंदा फोफावला, तो बहुतांशी दुकानदारांच्या हातून. किलमारनॉकचा जॉन वॉकर, अ‍ॅबर्डीनचे शिव्हास बंधू, पर्थचा मॅथ्यू ग्लोग, एडिंबराचा जॉर्ज बॅलंटाइन हे सगळे मुळात किराणा नाहीतर वाईन विकणारे. चहा मिसळून वर्षभर एकच चव ठेवायचा सराव त्यांच्यापैकी अनेकांना आधीच होता, तो इथे कामी आला.

जेम्स गॉर्डन आणि जॉन अलेक्झांडर मॅकफेल यांनी मे १८९५ मध्ये एल्गिनच्या साउथ स्ट्रीटवर दुकान थाटलं. चहा, किराणा, वाईन आणि मद्य असा माल. त्याच वर्षी जॉन अर्कहार्ट नावाचा पोरगा उमेदवार म्हणून लागला, आणि पुढे पेढी त्याच्याच घराण्याकडे गेली. जागेची निवड महत्त्वाची होती. एल्गिन स्पेसाइडच्या, म्हणजे डिस्टिलऱ्यांनी गजबजलेल्या स्पे नदीच्या मुलखाच्या, उंबरठ्यावर आहे. लाँगमॉर्न आणि लिंकवुड गावाच्या वेशीवर, मॉर्टलॅक, ग्लेन ग्रँट आणि ग्लेनलिव्हेटही फार लांब नाहीत. लंडनच्या व्यापाऱ्याला जे नमुने टपालाने मागवावे लागत, ते एल्गिनच्या दुकानदाराला प्रत्यक्ष जाऊन चाखता येत. गॉर्डन पिंपं निवडायचे, ब्लेंड बसवायचे, दलालीही करायचे. अर्कहार्ट हे काम त्यांच्याच हाताखाली शिकला.

या पेढीचा पहिला कस लागला तो दुसऱ्याच एका पेढीमुळे. लीथच्या पॅटिसन बंधूंचं दिवाळं १८९८ च्या अखेरीस वाजलं. तेही व्यापारीच. (व्हिस्कीची जाहिरात करणारे शेकडो पढवलेले पोपट त्यांनी गुत्तेवाल्यांना वाटले, असं सांगतात.) साठ्याची किंमत कागदोपत्री फुगवायची आणि त्यावर कर्ज उचलायचं, हा त्यांचा धंदा. स्वस्त ग्रेन व्हिस्कीत थोडी चांगली मॉल्ट घालून ती 'फाइन ओल्ड ग्लेनलिव्हेट' म्हणून विकायची, हाही. दोघा भावांना १९०१ साली फसवणुकीबद्दल तुरुंगवास झाला, पण तोवर भाव कोसळले होते आणि अनेक डिस्टिलऱ्या बंद पडल्या होत्या. एल्गिनच्या तीन वर्षांच्या दुकानाला हे झेपलं ते, माझ्या समजुतीप्रमाणे, व्हिस्की हा त्यांच्या गल्ल्याचा एकच आधार नव्हता म्हणून. चहा-साखरेचा रोजचा गल्ला चालू असेल तर पिंपं पडत्या भावात विकावी लागत नाहीत. जुन्या पेढ्यांपैकी कोण टिकली हे बघताना मी हा मुद्दा आधी तपासतो: वाट बघायला लागणारा पैसा कुठून येत होता?

१९१५ मध्ये मॅकफेल निवृत्त झाले आणि त्याच वर्षी गॉर्डन वारले. जॉन अर्कहार्टने गॉर्डन यांच्या पत्नीसोबत भागीदारीत गादी सांभाळली. त्याच वर्षी सरकारने कायदा केला, की स्पिरिट बाँडमध्ये किमान दोन वर्षं मुरल्याशिवाय विकायचं नाही. पुढच्या वर्षी ही मुदत तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षांचा तोच किमान नियम आजही आहे. ज्याच्या गोदामात जुना साठा होता त्याचा यात फायदा झाला.

आता वाईनकडे. लोक हा भाग सोडून देतात, पण माझ्या मते पेढीच्या व्हिस्कीची अर्धी गोष्ट इथे आहे. शेरी ही स्पेनची कडक वाईन त्या काळी तिथून बाटल्यांतून येत नसे, पिंपांतून येई. बाटल्या भरायचं काम ब्रिटनमधले वाईन व्यापारी आपापल्या दुकानामागे करत. बाटल्या भरल्या की मागे रिकामं, शेरी शोषून घेतलेलं ओकचं पिंप उरे. ते स्पेनला परत धाडणं परवडत नसे. ज्याच्याकडे वाईनही आहे आणि व्हिस्कीही, त्याला पिंपांसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नसत. गॉर्डन अँड मॅकफेल आपली पिंपं डिस्टिलरीला पाठवत, त्यात ताजं स्पिरिट भरून घेत आणि मुरवत ठेवत. स्पिरिट दुसऱ्याचं, लाकूड आपलं. मॉल्टची निम्म्याहून अधिक चव लाकडातून येते असं या धंद्यात सर्रास मानलं जातं, म्हणजे एकाच दिवशी गाळलेली मॉर्टलॅक दोन पेढ्यांच्या पिंपांतून निराळी निघणार. १९८० च्या दशकात स्पेनने शेरी मूळ ठिकाणीच बाटलीबंद करायचा नियम केला आणि ही सोय संपली. आज 'शेरी कास्क' म्हणून जे मिळतं ते बहुधा व्हिस्कीसाठीच मुद्दाम शेरी भरून तयार केलेलं पिंप असतं. चव वाईट असते असं नाही, पण जुन्या बाटलीशी तुलना करताना हा फरक लक्षात ठेवा.

१९३० च्या दशकात धंदा मंद होता आणि सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची मॉल्ट, स्वतंत्रपणे पिणारे थोडे. मॉल्ट म्हणजे ब्लेंडमध्ये घालायचा जिन्नस, हीच समजूत. अर्कहार्टने मात्र आसपासच्या डिस्टिलऱ्यांचा माल भरून ठेवला आणि त्यांच्या परवानगीने त्यांच्या नावाची लेबलं लावून सिंगल मॉल्ट म्हणून बाटल्या विकल्या. १९३३ साली मुलगा जॉर्ज धंद्यात आला. या बाप-लेकांच्या काळातलं एक पिंप म्हणजे तुम्ही विचारलेली ग्लेनलिव्हेट: ३ फेब्रुवारी १९४० रोजी भरलेलं, पिंप क्रमांक ३४०. महायुद्ध सुरू होऊन पाच महिने झालेले. पुढे धान्यावर निर्बंध आले आणि बहुतेक भट्ट्या थंड पडल्या. म्हणजे ते पिंप निर्बंधांआधीच्या ओघातलं अखेरच्यांपैकी एक. २०२१ मध्ये ते बाजारात आलं, तेव्हा २५० डिकँटर भरले आणि अल्कोहोल ४४.९ टक्के होतं.

हा आकडा पटण्यासारखा आहे का, ते स्वतः तपासून बघा. प्रत्येकी ७०० मिली धरले तर १७५ लिटर, त्यात निव्वळ अल्कोहोल साधारण ७८ ते ७९ लिटर. व्हिस्की पिंपात भरताना तीव्रता बहुधा ६३.५ टक्के ठेवतात. ५०० लिटरच्या शेरी बटमध्ये (शेरीच्या मोठ्या पिंपात) सुरुवातीला अल्कोहोल सुमारे ३१७ लिटर असतं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सरासरी २ टक्के उडून जातं असं धरतात. ८० वर्षं प्रत्येक वर्षी ९८ टक्के उरत गेले तर शेवटी जेमतेम २० टक्के, म्हणजे ६३ लिटर. प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्त उरलं. मोठं पिंप आणि थंड, ओलसर गोदाम असेल तर हे सहज शक्य आहे. २५० लिटरच्या हॉग्सहेडमधून (लहान पिंपातून) मात्र एवढा माल निघणं जवळजवळ अशक्य, कारण सुरुवातीलाच त्यात जेमतेम १५९ लिटर अल्कोहोल मावतं आणि त्याच हिशोबाने शेवटी ३२ लिटरच्या आसपास उरतं. कोणी अतिजुन्या पिंपाच्या हजार बाटल्या दाखवल्या तर हाच हिशोब मांडायचा.

तुलनेला गोवा घ्या. कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीत वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास घट होते. वीस वर्षांत पाचवा हिस्सासुद्धा उरत नाही. म्हणून आपल्याकडच्या मॉल्टवर मोठं वय दिसत नाही, आणि लहान वयातच ती तयार होते.

वय वाढवत नेणं म्हणजे नुसतं कुलूप लावून विसरणं असा समज असेल तर तो काढून टाका. ठरावीक काळाने पिंपाचं माप घ्यावं लागतं. पिंप आडवं असतं, बूच वर. बुचाच्या दोन्ही बाजूंच्या फळीवर लांब दांड्याच्या लाकडी हातोड्याने आळीपाळीने ठोके मारतात. फळी थरथरते आणि बूच आपोआप उसळून वर येतं. ते कधी उपसून काढत नाहीत, नाहीतर भोकाची कड तुटते. मग खुणा केलेली दांडी तळापर्यंत बुडवून ओली रेघ कुठवर आली ते बघतात, नळीने नमुना काढतात, हायड्रोमीटरने तीव्रता मोजतात आणि तापमान टिपून ती २० अंश सेल्सिअसला किती भरते ते काढतात. शेवटी नाक. नमुन्याला पाणी घालून वास घेतला की लाकूड वरचढ होतंय का ते कळतं.

बिघाड तीन प्रकारचे. पहिला गळतीचा: फळीत किड्याचं भोक किंवा वाळलेला सांधा, दोन मापांमधली घट अचानक वाढली की समजायचं. दुसरा तीव्रतेचा. स्कॉटलंडच्या दमट हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडतं, त्यामुळे टक्केवारी वर्षागणिक उतरते. ती ४० च्या खाली गेली की कायद्याने ती स्कॉच व्हिस्कीच राहत नाही आणि पन्नास वर्षांचा माल वाया जातो. वाचवायचं तर आधीच दुसऱ्या, अधिक तीव्र पिंपात मिसळावी लागते, आणि मग लेबलावर वय लिहायचं ते त्यातल्या सर्वांत लहान व्हिस्कीचं. तिसरा बिघाड चवीचा: नव्या, जोरकस पिंपात फार काळ ठेवली तर व्हिस्की तुरट, कडवट होते, कात चघळल्यासारखी. यावर इलाज नाही. म्हणून ७०-८० वर्षांची बाटली निघते तेव्हा तिच्यामागे वेळेत बाटलीबंद केलेली किंवा ब्लेंडमध्ये मिसळून टाकलेली असंख्य पिंपं असतात. त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

१९६८ मध्ये जॉर्ज अर्कहार्टने 'कॉनॉसर्स चॉइस' ही मालिका काढली. ज्या डिस्टिलऱ्या स्वतः सिंगल मॉल्ट विकतच नव्हत्या, त्यांच्या व्हिस्क्या परदेशी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा चाखायला मिळाल्या त्या बऱ्याच अंशी यातून. १९८० च्या दशकात कायमच्या बंद पडलेल्या काही डिस्टिलऱ्यांची चव तर आज अशा व्यापाऱ्यांच्या बाटल्यांतूनच शिल्लक आहे.

१९९३ मध्ये पेढीने फॉरेस गावातली बंद पडलेली बेनरोमॅक डिस्टिलरी विकत घेतली. १८९८ ची डिस्टिलरी, १९८३ पासून बंद, आतली यंत्रसामग्री निघून गेलेली. ती नव्याने उभारून १९९८ मध्ये सुरू झाली. दुसरी, केर्न, ग्रँटाउन-ऑन-स्पेजवळ २०२२ मध्ये. आणि जुलै २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की २०२४ पासून इतर डिस्टिलऱ्यांचं स्पिरिट पिंपांत भरणं बंद. गोदामातला साठा पुढची अनेक वर्षं येत राहील, पण नवी भर नाही. मला यात आश्चर्य वाटलं नाही. सिंगल मॉल्टला आता भाव आहे, चांगल्या डिस्टिलऱ्या आपला माल बाहेर देत नाहीत, दिला तर नाव वापरू देत नाहीत.

नाव अडवायची एक खास युक्ती आहे. विकण्याआधी पिंपात दुसऱ्या डिस्टिलरीची चमचाभर मॉल्ट घालायची. चवीत काडीचा फरक नाही, पण कायद्याने ती 'सिंगल' राहत नाही, 'ब्लेंडेड मॉल्ट' होते, आणि घेणाऱ्याला डिस्टिलरीचं नाव छापता येत नाही. एखाद्या व्यापाऱ्याच्या बाटलीवर अनोळखी गावासारखं नाव आणि 'ब्लेंडेड मॉल्ट' असेल तर ही शक्यता धरा.

तुमच्या बाटलीचं लेबल आता असं वाचा. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनुसार डिस्टिलरीचं नाव व्हिस्कीचं म्हणून लावायचं तर सगळी व्हिस्की तिथेच गाळलेली असली पाहिजे, त्यामुळे बारीक अक्षरांतलं 'मॉर्टलॅक' ही कायदेशीर हमी आहे. 'सिंगल मॉल्ट' शब्द हवेत. भरल्याचं वर्ष, बाटलीबंद केल्याचं वर्ष, पिंपाचा प्रकार आणि शक्यतो क्रमांक हवा. २३ नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल मॉल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते, तेव्हा त्यानंतरच्या बाटलीवर दुसऱ्या देशात भरल्याचं लिहिलं असेल तर परत करा. '१८९५' हे वर्ष पेढीचं, डिस्टिलरीचं नव्हे. मॉर्टलॅक १८२३ ची. आणि जुन्या लेबलावर 'मॉर्टलॅक-ग्लेनलिव्हेट' असं जोडनाव दिसलं तर दचकू नका. १८८४ च्या निवाड्यानंतर 'द ग्लेनलिव्हेट' हे नाव एकाच डिस्टिलरीकडे राहिलं, इतरांना ते जोडून लावायची मोकळीक मिळाली. त्या बाटलीत ग्लेनलिव्हेटचा थेंबही नसतो.

इतिहास खरा की रचलेला, हे प्रत्येक पेढीचं वेगळं. काही कंपन्यांनी बंद पडलेल्या दुकानाचं नुसतं नाव विकत घेऊन स्थापनेचं वर्ष मिरवायला घेतलं आहे. मी तीन ठिकाणी बघतो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने गावोगावच्या जुन्या पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्या ऑनलाइन ठेवल्या आहेत, त्यात दुकान कोणत्या वर्षी कोणत्या पत्त्यावर होतं ते कळतं. भागीदारी मोडल्याच्या नोटिसा एडिंबरा गॅझेटमध्ये छापून येत. ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंद १८७६ पासून आहे. तिन्हींत मधली तीस-चाळीस वर्षं कोरी निघाली, तर धंदा खंडित होता असं समजायला हरकत नाही. गॉर्डन अँड मॅकफेलच्या बाबतीत उमेदवार जॉनपासून पुढच्या पिढ्यांपर्यंत एकच घराणं त्याच गावात आहे, त्यामुळे साखळी जुळते.

राहिला पिंप विकत घेण्याचा प्रश्न. घेता येतं, पण तुम्हाला रंगीत प्रमाणपत्र मिळालं म्हणजे पिंप तुमचं झालं असं नाही. मालकी बदलते ती गोदामाच्या वहीत. त्यासाठी विकणाऱ्याने गोदामवाल्याला दिलेला डिलिव्हरी ऑर्डर लागतो आणि गोदामवाल्याने नवा मालक म्हणून तुमच्या नावाची नोंद कळवावी लागते. पिंप ब्रिटनमध्ये बाँडमध्येच राहणार, भाडं आणि विमा तुमच्या माथी, आणि पुढे डिस्टिलरीचं नाव वापरायची परवानगी आहे की नाही यावर निम्मी किंमत ठरणार. पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: गोदामाचं नाव व पिंपाचा क्रमांक, गेल्या एका वर्षातलं माप (लिटर आणि टक्के दोन्ही), आणि नावाचा हक्क. माप द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. वयाने मोठ्या पिंपात टक्केवारी ४३-४४ वर आली असेल तर घाई तुम्हाला नाही, विकणाऱ्याला आहे.